लेकीला टाइप १ डायबेटीस, आणि घरचे म्हणतात कुणाला सांगू नको

सांजवात | ९ जुलै, रात्री ११.५२

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, लिहितेय आज पहिल्यांदा. लेक शेजारी झोपलीय. बाराला तिची शुगर तपासायची आहे, तोवर जागी आहे.

लेक आठ वर्षांची, तिसरीत. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, एकत्र कुटुंब. मे महिन्यात माहेरी गेलो होतो, तेव्हापासून ती सारखी माठाकडं जायची. उन्हाळा आहे म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. मग रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं. चौथ्या वर्षी थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली म्हणून मी तिला रागावले, एकदा हातही उगारला. शाळा सुरू झाली तेव्हा गेल्या वर्षीचा स्कर्ट कमरेवर थांबेना. सासूबाई म्हणाल्या, उंची सुटायला लागली की पोरी अशाच वाळतात. मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली.

पोट दुखतंय, उलट्या होतायत म्हणून डॉक्टरांकडं नेलं तर पित्ताचं औषध मिळालं. दोन दिवसांनी पहाटे ती धाप लागल्यासारखा खोल खोल श्वास घ्यायला लागली. तोंडाला पिकून उतू गेलेल्या फळासारखा वास. मोठ्या दवाखान्यात बोटाला टोचून मशीनला लावलं तर आकडाच आला नाही, नुसतं ‘हाय’. रक्त लॅबला गेलं, ५८० आली. रक्तात किटोन (इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारं आम्ल) साठलेत, आणखी काही तास उशीर झाला असता तर शुद्ध गेली असती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. चार दिवस आयसीयू, पुढं सहा दिवस वॉर्ड. टाइप १ डायबेटीस. आता दिवसाला इन्सुलिनच्या पेननं चार इंजेक्शनं, तीन जेवणाआधी आणि एक रात्रीचं. बोटाला टोचणं सहा-सात वेळा.

सुई टोचायला मी शिकले. हात थरथरायचा, आता थरथरत नाही. अडलंय ते दुसरीकडंच. दवाखान्यातून घरी आलो त्याच संध्याकाळी सगळे बसले आणि ठरलं की बाहेर कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हणायचं. पोरीची जात आहे, उद्या स्थळ बघताना हेच आडवं येईल, असं दीर म्हणाले. सासूबाई रडल्या. नवरा गप्प बसला. शाळेतही सांगितलेलं नाही. मधल्या सुट्टीच्या आधी मीच शाळेच्या फाटकाशी जाते, तिला बाहेर बोलावून रिक्षात बसवते आणि तिथं सुई देते. ती काल म्हणाली, आई, मी काही वाईट केलंय का गं?

त्यानंतर मला जेवण गेलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाचं मूल असं आहे का? तुम्ही सांगितलंत का लोकांना? आणि रात्री झोपता कसे?

---

इचलकरंजीकर_बाबा | १० जुलै, सकाळी ६.१५

ताई, माझा मुलगा सातव्या वर्षी याच वाटेनं गेला. आता तेरा वर्षांचा आहे. तुमचं पहिलं वाक्य ते शेवटचं वाक्य, सगळं आमच्याच घरातलं वाटलं.

आधी अंथरुणाचं. रक्तातली साखर फार वाढली की किडनी ती लघवीवाटे बाहेर टाकते, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून तहान, म्हणून अंथरूण ओलं, आणि शरीराला साखर वापरताच येत नाही म्हणून वजन उतरतं. तुम्ही रागावलात ते माहीत नव्हतं म्हणून. लेकीला एकदा जवळ घेऊन सांगा की ते आजारामुळं होत होतं, तुझी चूक नव्हती, माझं चुकलं. मी मुलाला हे सांगायला दोन वर्षं लावली. तो तेवढे दिवस ते मनात धरून बसला होता.

आता रात्र. सुरुवातीचे काही आठवडे डोस बसेपर्यंत रात्री दोन-तीनला एकदा तपासायला आम्हाला सांगितलं होतं. झोपताना शुगर किती असली की निश्चिंत झोपायचं आणि किती असली की थोडं खायला देऊन झोपवायचं, हे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला चिकटवा. मनात धरलेला आकडा रात्री तीनला आठवत नाही. संध्याकाळी दंगामस्ती, पोहणं, पळापळ जास्त झाली असेल तर त्याच रात्री उशिरा शुगर उतरते. नुसती खेळतानाच नाही, नंतर कित्येक तासांनीही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, अनुभवानं कळलं.

७० च्या खाली गेली की लो. घाम, थरथर, चेहरा पांढरा पडणं, उगाच चिडचिड, एकदम भूक. अशा वेळी साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी परत तपासा, अजून ७० खाली असेल तर पुन्हा द्या. मोठ्यांना १५ ग्रॅम साखर सांगतात, लहान मुलांना तेवढी लागत नाही. आम्हाला वजनाच्या दर किलोला ०.३ ग्रॅम असा हिशेब दिला होता, म्हणजे २४ किलोच्या मुलाला सात ग्रॅमच्या आसपास, सपाट दीड-दोन चमचे. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारा. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी देऊ नका. त्यातल्या स्निग्धानं साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही ओतायचं नाही, श्वासात जाईल. कुशीवर वळवून थेट दवाखाना. उतरलेली शुगर झटकन वर आणणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन घरात ठेवायचं का, हेही विचारून घ्या. आमच्याकडं ते मेडिकलवाल्यांना आधी सांगून मागवावं लागतं.

मुलगा फुटबॉल खेळतो. पहिल्या वर्षी मी त्याला मैदानावर पाठवायला तयार नव्हतो. मग डॉक्टरांनी तेव्हा रिअल माद्रिदकडून खेळणाऱ्या नाचोचं सांगितलं. त्याला बाराव्या वर्षी टाइप १ निघाला, तरी तो स्पेनकडून २०१८ चा वर्ल्ड कप खेळला आणि पोर्तुगालविरुद्ध गोल केला. मुलाच्या टेबलासमोर तो फोटो आहे. शाहू स्टेडियमवर मॅच बघायला गेलो की तो खिशात ग्लुकोजची पुडी घेऊनच बसतो.

सांगण्या-लपवण्याबद्दल आमच्यापेक्षा दुसरं कुणी चांगलं सांगेल. आम्ही मुलगा म्हणून सुटलो, हे मला मान्य आहे.

---

निळा_पेन | १० जुलै, दुपारी १.३०

मी सांगते. मी ती पोर आहे.

मला १९९८ साली, नऊ वर्षांची असताना टाइप १ झाला. आम्ही तेव्हा राजारामपुरीत राहायचो. त्या वेळी माझ्या वाट्याला पेन नव्हता. सिरिंज, मिक्स इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ, आणि जेवण घड्याळाला बांधलेलं. माझ्या आईवडिलांनी तुमच्या दिरांनी घेतला तोच निर्णय घेतला. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना माझं भलंच हवं होतं. पण त्या निर्णयानं काय झालं ते लिहिते.

सहावीत पी.टी.च्या तासाला मला लो झाली. मला कळत होतं. दप्तरात ग्लुकोजची पुडी होती. पण सगळ्यांसमोर काढली तर कुणीतरी विचारेल, आणि घरी बजावलेलं, कुणाला कळू द्यायचं नाही. मी पुडी काढली नाही. पळत राहिले आणि पडले. बाईंना वाटलं उपाशी आली असेल, त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि सावलीत निजवलं. त्यांची काही चूक नाही, त्यांना माहीतच नव्हतं. शिपाईमामांच्या घरात शुगरचा माणूस होता, त्यांनी घाम बघून ओळखलं आणि हिरड्यांना साखर चोळली. त्या दिवशी ते रजेवर असते तर मी आज हे लिहीत नसते.

त्यानंतरही लपवणं थांबलं नाही. कॉलेजात मी संडासात जाऊन सुई घ्यायचे. उभ्यानं, घाईघाईत, एकाच जागी, कारण कपडे फार बाजूला करायला जागा नसायची. पोटावर गाठी आल्या. एकाच जागी टोचत राहिलं की चरबीच्या गाठी होतात आणि तिथं दिलेलं इन्सुलिन नीट लागत नाही, शुगर कधी वर कधी खाली. दोन वर्षं डोस वाढवत होतो, कारण ती जागा कुणी हात लावून बघितलीच नव्हती. पोट, मांड्या, दंडाची मागची बाजू, कुल्ले, जागा बदलत राहायच्या, हे लेकीला आत्तापासून शिकवा. तिला स्वतःला जागा निवडू द्या. तेवढं तरी तिच्या हातात राहू दे.

आता लग्न. मी पंचविसाव्या वर्षी घरच्यांना सांगितलं की पहिल्या भेटीत मीच बोलणार. दोन स्थळं गेली. आई खूप रडली. तिसऱ्याला मी सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, मला सुई द्यायला शिकवशील का? आज आमची मुलगी सहा वर्षांची आहे. बाळ ठरवण्याआधी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) खाली आणण्यात आठ महिने घालवले, सतत तपासण्या केल्या. कष्ट पडले, पण अशक्य काही नव्हतं. जी दोन स्थळं गेली ती लपवून जमली असती तर? लग्नानंतर चौथ्या दिवशी फ्रीजमध्ये इन्सुलिन सापडलं असतं. त्या घरात मी कशी जगले असते?

लेकीनं तुम्हाला विचारलं ना, मी काही वाईट केलंय का? तिला कुणी शिवी दिलेली नाही, तरी तिनं हे ओळखलं. रिक्षाचा पडदा ओढून जे करतात ते लाजेचंच असणार, आठ वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. तुम्ही तिला फाटकाबाहेर नेणं बंद करा. बाकी सगळं नंतर.

---

कडुलिंब | १० जुलै, संध्याकाळी ७.०५

ताई, वाचून फार वाईट वाटलं. तुमच्या भल्यासाठीच सांगतो. माझ्या मामेबहिणीच्या मुलाला एका वैद्यांचा काढा सुरू केला, दोन महिन्यांत इन्सुलिन निम्म्यावर आलं. एवढ्या लहान जिवाला आयुष्यभर सुईची सवय लावण्याआधी हा मार्ग बघावा. सोबत उपाशीपोटी कारल्याचा रस.

---

इचलकरंजीकर_बाबा | १० जुलै, रात्री ९.४०

कडुलिंबदादा, तुमचा हेतू चांगला आहे हे जाणतो, म्हणून सविस्तर लिहितो. नवीन आईबापांचा सगळ्यात मोठा घात इथंच होतो.

टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. निदान होतं तेव्हा थोड्या पेशी शिल्लक असतात. बाहेरून इन्सुलिन मिळायला लागलं की त्यांच्यावरचा ताण हलका होतो आणि काही आठवडे, काही महिने त्या पुन्हा जरा काम करतात. डोस एकदम कमी होतो. डॉक्टर याला हनिमून म्हणतात. बऱ्याच मुलांत हे होतं, काढा घेतला तरी आणि नाही घेतला तरी. आमच्या मुलाचा जेवणाआधीचा डोस तिसऱ्या महिन्यात एका युनिटवर आला होता. माझ्या आईनं जोतिबाला नारळ वाढवला. मग त्या पेशीही जातात आणि डोस परत वाढतो.

याच काळात कुणी इन्सुलिन पूर्ण बंद केलं की मूल पुन्हा आयसीयूत. आमच्या ओळखीतल्या एका घरात हे झालंय. मूल वाचलं, पण ते दिवस त्या बापानं मला सांगितले तेव्हा तो माणूस उभा राहू शकत नव्हता. तुमच्या मामेबहिणीला हे आजच सांगा. काढा द्यायचा तर डॉक्टरांना विचारून, पण इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नका. मूल आजारी पडून जेवत नसेल तरी रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन थांबवायचं नसतं. उलट तापात किटोन वाढतात, लघवीच्या पट्टीवर तपासायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा.

आणि सवय हा शब्द. इन्सुलिन आपल्या प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून आहे. या मुलांच्या अंगात ते बनत नाही, म्हणून बाहेरून द्यायचं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधलं, त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून काही महिने जगवायचे, तेवढाच उपाय होता. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. तो जवळजवळ गेलेला मुलगा पुढं १३ वर्षं जगला. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, तोच जागतिक मधुमेह दिन आणि आपला बालदिनही तोच. आमच्या घरी त्या दिवशी मुलगा मागेल ते जेवण असतं, मापून.

---

औषधवाला_गडहिंग्लज | ११ जुलै, दुपारी ३.२०

मेडिकल दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दोनच गोष्टी सांगतो, पण दोन्ही जिवाच्या आहेत.

एक. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरला ४० युनिटची आणि १०० युनिटची. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. १०० चं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर खुणेवर आकडा बरोबर दिसतो आणि पोटात अडीचपट जातं. ताईंकडं पेन आहे म्हणून हा घोळ होणार नाही. पण पेन बिघडला, गावाला विसरला, आणि घाईत सिरिंज-बाटली आणली तर होईल. बाटलीवरचा आकडा मोठ्यानं वाचून दुकानदाराला सिरिंज मागा. पेनच्या काडतुसातलं इन्सुलिन सिरिंजनं ओढू नका.

दोन. ठेवण. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, दारात किंवा मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. एकदा गोठलं की वितळलं तरी ते फेकायचं. वापरात असलेला पेन घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे चालतो, नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात. पेनवर उघडल्याची तारीख लिहा.

पावसाळा आहे म्हणून हे लिहितोय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण २०१९ मध्ये हायवे बंद झाला तेव्हा गाड्याच येईनात, माझ्याकडचं इन्सुलिन संपत आलं होतं आणि एक बाप चिखलातून चालत आला होता. २०२१ ला पुन्हा तेच. जून संपायच्या आत महिनाभराचा साठा घरात असू द्या. वीज गेली तर मातीचं मोठं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, आणि त्यात डब्यात घालून इन्सुलिन. वाळू ओली ठेवायची. खेड्यापाड्यात हेच करतात आणि ते चालतं.

---

बाई_तिसरी_ब | १३ जुलै, रात्री १०.१०

मी प्राथमिक शिक्षिका आहे, कोल्हापूर जिल्ह्यातच. सांजवातताई, तुमच्या लेकीच्या वर्गशिक्षिकेच्या जागेवर बसून लिहिते.

माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी असा मुलगा होता आणि मला सांगितलेलं नव्हतं. तो वरचेवर पाणी प्यायला, लघवीला बाहेर जायचा आणि मी त्याला तासाला बसवून ठेवायचे, शिस्त म्हणून. दिवाळीनंतर कळलं. मी त्याच्या आईसमोर रडले. मला माहीत असतं तर मी असं वागले असते का?

उद्या जाऊन मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला एकत्र भेटा. सोबत डॉक्टरांचं पत्र. पण आम्हाला खरी गरज असते ती एका पानाची, मोठ्या अक्षरातल्या मराठीत: लो झाली की ती कशी दिसते, काय द्यायचं, किती द्यायचं, पंधरा मिनिटांनी काय करायचं, कुणाला फोन करायचा. एकटीला पाणी प्यायला किंवा आजारी-खोलीत पाठवायचं नाही, सोबत कुणीतरी हवं, हेही लिहा. ग्लुकोज वर्गात बाईंच्या टेबलात ठेवा, ऑफिसच्या कुलपात नको.

शाळा कुरकुरली तर सांगा की २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं सगळ्या राज्यांना टाइप १ च्या मुलांबद्दल कळवलं आहे. वर्गात शुगर तपासणं, इन्सुलिन घेणं, मधलं खाणं याला मुभा द्यावी असं त्यात आहे. सीबीएसईनं तर २०१७ पासून दहावी-बारावीच्या परीक्षेत या मुलांना खाणं सोबत न्यायला परवानगी दिली. पण हे कागद शेवटी काढा. बहुतेक शिक्षक आधी घाबरतात, मग शिकतात. मी आता पट्टीवर शुगर तपासू शकते.

वर्गातल्या मुलांना सांगायचं की नाही, ते लेकीला विचारून ठरवा.

---

सांजवात | १९ जुलै, रात्री १२.३५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द पुरत नाहीत. निळा_पेन, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. पी.टी.च्या तासापर्यंत आला आणि तो उठून बाहेर गेला. बराच वेळानं आला आणि म्हणाला, उद्या शाळेत मी येतो.

गेलो. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, एक पान टेबलाच्या काचेखाली ठेवलं, दुसरं स्वतःच्या पर्समध्ये. आता जेवणाआधी लेक त्यांच्याशेजारच्या खुर्चीवर बसून स्वतः बोट टोचते. मी जाऊन सुई देते आणि येते. फाटक बंद.

घरी मात्र सोपं गेलं नाही. दीर दोन दिवस बोलले नाहीत. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्या आवाजात बोलले, त्याचं मला वाईट वाटतं, पण बोलले.

खाण्याचं विचारायचं आहे. आम्ही आता तराजू आणलाय. ज्वारीची भाकरी पिठावर मोजतो, ३० ग्रॅम पिठाची केली की साधारण २० ग्रॅम कार्ब (खाण्यातला पिष्ट-साखरेचा भाग) धरायला आहारतज्ज्ञांनी सांगितलं. शिजलेला भात १०० ग्रॅमला २८. हे जमतंय. पण परवा टेंबलाईला पाणी घालायची जत्रा झाली, घरी मटण होतं. तिनं एक भाकरी, अर्धी वाटी भात आणि पांढरा रस्सा दोन वाट्या घेतला. हिशेबानं सुई दिली. दोन तासांनी शुगर १४०, मी खूश. रात्री साडेअकराला ३१०. काय चुकलं?

---

निळा_पेन | १९ जुलै, सकाळी ८.००

तुमचं काही चुकलं नाही, पांढरा रस्सा आहे तो. नारळाचं दूध, काजू, खसखस, वर मटणाची चरबी. कार्ब थोडे, पण स्निग्ध भरपूर. त्यानं पोट सावकाश रिकामं होतं, भाकरी-भाताची साखरही मागाहून येते आणि तोवर जेवणाआधीच्या सुईचा जोर ओसरलेला असतो. मिसळीचं तेच, फरसाण आणि कट. अशा जेवणानंतर चार-पाच तासांनी एकदा तपासायचं आणि वहीत लिहायचं. दोन-तीन वेळचं लिहिलेलं डॉक्टरांना दाखवा, ते डोस दोन भागांत द्यायचा का वगैरे ठरवतील. स्वतः मनानं रात्री जादा सुई देऊ नका, झोपेत लो होईल.

रस्सा बंद करू नका. कोल्हापूरच्या पोरीला पांढरा रस्सा बंद केला तर ती चोरून खाईल, आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब लागत नाही. मी गूळ चोरून खायचे. गूळ नैसर्गिक म्हणून चालतो असं आजी म्हणायची. रक्ताला साखर आणि गूळ यांतला फरक कळत नाही.

गंगावेशीत कट्ट्यावरचं धारोष्ण दूध प्यायला नेत असाल तर तेही धरा. २०० मिलिलिटरला साधारण १० ग्रॅम.

---

आजी_६७ | २० जुलै, संध्याकाळी ५.४५

सांजवात, मी तुझ्या सासूच्या वयाची आहे म्हणून अगं-तुगं करते. माझ्या नातवाला झालं तेव्हा मीही ताट सारलं होतं. मला वाटायचं आपल्या घराण्यात काहीतरी पाप, माझ्याकडूनच आलं, कारण मला पन्नाशीपासून साखर आहे. डॉक्टरीणबाईंनी मला वेगळं बसवून समजावलं की माझी टाइप २ आणि त्याची टाइप १, दोन वेगळे आजार. गोड खाल्ल्यानं हा होत नाही आणि माझ्यामुळंही नाही. तेव्हा कुठं माझा जीव ताळ्यावर आला. तुझ्या सासूला पुढच्या तपासणीला सोबत ने. तिला काहीतरी काम दे. रिकामा माणूस रडतो.

---

सांजवात | ६ सप्टेंबर, दुपारी ४.२०

धागा वर काढतेय.

आजी, तुमचं ऐकलं. ऑगस्टच्या तपासणीला सासूबाईंना नेलं. डॉक्टरांसमोर त्यांनी पदरात तोंड घालून विचारलं, माझ्यामुळं झालं का? डॉक्टर नाही म्हणाले. परतीच्या रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तराजू त्यांच्या पाटाशेजारी होता.

गौरीच्या जेवणाला घरात पुरणपोळी. मला त्या दिवसाची धास्ती होती. सासूबाईंनी आदल्या रात्रीच डाळ, गूळ, कणीक वेगवेगळी तोलून लेकीच्या वहीत लिहिली. पोळ्या किती झाल्या ते मोजलं, मग जावेच्या मुलानं भागाकार केला. एका पोळीला ५० ग्रॅमच्या आसपास निघाले. लेकीनं अर्धी पोळी, तूप, कटाची आमटी घेतली. दोन तासांनी १६८. सासूबाईंनी तो आकडा दिवाणखान्यात बसलेल्या सगळ्या पाहुण्यांना सांगितला. दीरही तिथंच होते. कुणीतरी विचारलं, कसला आकडा हो? तर त्यांनी सगळं सांगितलं, आयसीयूपासून. मी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभीच राहिले.

एचबीए१सी निदानाच्या वेळी १२.८ होता, आता ८.१. डॉक्टर म्हणाले अजून खाली आणायचाय, पण घाई नको.

एक विचारायचं होतं. पुढच्या शुक्रवारी शाळेची सहल पन्हाळ्याला आहे. बाई म्हणाल्या पाठवा, आणि त्या स्वतः सोबत आहेत. दुपारची सुई लेक स्वतः घेईल, गेले दोन आठवडे तसा सराव करतोय. पेन बर्फाच्या डब्यात देऊ का?

---

औषधवाला_गडहिंग्लज | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ६.०५

बर्फाला टेकवून नको, गोठेल. वापरातला पेन आहे ना, मग ओला करून पिळलेला सुती रुमाल, त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत पेन, आणि ते दप्तराच्या आतल्या कप्प्यात. बसच्या खिडकीशी किंवा बाहेरच्या खणात ठेवू नका. सुया दोन जास्त द्या.

---

इचलकरंजीकर_बाबा | ६ सप्टेंबर, रात्री ९.१५

पन्हाळ्याला चढउतार भरपूर, तीन दरवाजा ते अंबरखाना मुलं पळतच जातात. त्या दिवसाचा सकाळचा डोस कमी करायचा का ते डॉक्टरांना आधीच विचारा. बस थांबली की एकदा तपासायला सांगा. ग्लुकोज दोन ठिकाणी, एक तिच्या खिशात, एक बाईंकडं. आणि त्या रात्री तुम्ही तीनचा गजर लावा.

---

सांजवात | ६ सप्टेंबर, रात्री ९.३१

लावते. तिच्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनंही एक पुडी स्वतःच्या खिशात ठेवायची म्हणून मागून नेलीय. म्हणजे तीन ठिकाणी झाली.